म्हैस कुणाची म्हणायची?

गोठ्यात शेण कधी साठतं ते कळत नाही. सकाळी झाडून घ्यावं आणि दुपारी बघावं तर परत ढीग. किस्स्यांचंही तसंच. मी काही ते जमवायला गेले नाही, पण सारा जन्म दूधकट्ट्यावर काढला, आणि दूध पिताना माणूस तोंडाला येईल ते बोलतो. मला अक्षरओळख नाही, म्हणून मी सांगते आणि नातसून लिहून घेते. यातले निम्मे किस्से तिच्या नवऱ्याचे आहेत, त्यामुळं पोरगी फार मन लावून लिहिते.

कट्टा म्हणजे काय, ते बाहेरगावच्या पावण्यांना सांगावं लागतं. आमच्या कोल्हापुरात दिवस मावळायला आला की आम्ही म्हशी घेऊन वेशीजवळ रस्त्याकडेला उभ्या राहतो. गिऱ्हाईक समोर थांबतं, आम्ही त्याच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसाचा ग्लास तसाच कोमट-कोमट त्याच्या हातात देतो. पाणी मिसळायला मध्ये जागाच नाही. तालमीतले पैलवान येतात, कोर्टातले वकील येतात आणि कॉलेजची पोरं येतात.

हे सगळं साल दोन हजारच्या आसपासचं. माझा नातू प्रकाश बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. त्याचे दोन दोस्त रोज संध्याकाळी माझ्या म्हशींजवळ येऊन बसायचे. एक दिलीप, गडमुडशिंगीच्या शेतकऱ्याचा पोरगा. दुसरा महेश, शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याचा. शिवाय आमच्या शेजारची शोभा. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. घरचं दूध न्यायला किटली घेऊन यायची आणि किटली भरली तरी हलायची नाही.

चौघांच्या तोंडी एकच विषय, परीक्षा झाली की पुढं काय. त्या एका प्रश्नापायी चौघांची जी लाज निघाली ती मी जवळून बघितली. थोडी माझीही निघाली.

* * *

पहिला नंबर दिलीपचा.

कागलला तेव्हा पंचतारांकित एमआयडीसी नवी-नवी उभी राहत होती. मला वाटलेलं मोठं हाटेल असेल, पण तिथं कारखाने निघाले. त्यातल्या एका कारखान्यानं दिलीपला मुलाखतीला बोलावलं. त्या दिवशी सकाळी पोरगं एसटीतनं उतरलं ते सरळ आमच्या गोठ्यात. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"आज्जी, पोटात गोळा आलाय."

"रिकाम्या पोटी येणारच. थांब जरा."

मी चंद्रीची धार काढली आणि तांब्या त्याच्या हातात दिला. चंद्री म्हणजे आमची सगळ्यात लाडाची म्हैस. तिचं दूध इतकं दाट की बोट घातलं तर बोटाला धरून बसावं. त्यानं तांब्या रिकामा केला. मी म्हटलं, "आनि वाईच घे. सायबाम्होरं बोलायला ताकद लागती." दुसरा तांब्याही गेला.

आता पोटात म्हशीचं दूध, वर ऊन, वर कागलपर्यंत एसटीचा हिंदकळा. कारखान्यात त्याला पंख्याखाली गादीच्या खुर्चीवर बसवलं. मग काय व्हायचं ते झालं.

शिपायानं नाव पुकारलं. परत पुकारलं. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले आणि त्यांनी खांद्याला हात लावला. दिलीप डोळे न उघडता म्हणाला, "आये, म्हशीला पाणी मी दावतो, वाईच पडू दे की."

साहेब आपल्याकडचेच असावेत. म्हणाले, "पड की लेका निवांत. आम्ही दुसऱ्याला घेतो."

आठवडाभर दिलीप कट्ट्याकडं फिरकला नाही. आला तेव्हा लांब उभा राहून खाली मान घालून म्हणाला, "आज्जी, अर्धाच ग्लास."

मला त्याच्याकडं बघवेना. दूध माझंच होतं.

* * *

शोभाच्या डोक्यात एसटी शिरली होती. बायकांनाही कंडक्टर म्हणून घेणार, असं कुणीतरी तिला सांगितलं आणि पोरगी पेटली.

"आज्जी, मी कंडक्टर होतो बघ." आमच्याकडच्या पोरी पोरांसारख्याच 'होतो, जातो' म्हणतात, त्यात तिचं काही विशेष नाही.

तिची आई हौसा डोक्याला हात लावून बसायची. "खांद्याला पिशवी अडकवून गड्यांच्या गर्दीत धक्के खात हिंडणार व्हय गं? तुला दाखवायची कशी मी पावण्यांना?"

शोभा ऐकते कुठली. ती माझ्या कट्ट्यावरच तालीम करायची. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की किटली खांद्याला अडकवायची आणि ओरडायची, "पुढं सरका, पुढं सरका, म्हशीपाशी गर्दी करू नका!" पैलवान गडी मुकाट सरकायचे. आवाजच तसा होता.

आणि त्याच आठवड्यात तिला बघायला पाहुणे आले. चौघं येणार म्हणून सांगितलेलं, आली जीपभर. हौसाचं घर केवढं, तर एक खाट आणि दोन खुर्च्या. निम्मे पाहुणे दारातच खोळंबले. शोभा पोह्यांचं ताट घेऊन डोक्यावर पदर सावरत आली, तर आत जायला वाटच नाही. ताटानं हात भरून आलेले. आठवडाभर जिभेवर बसलेलं वाक्य आपलं आपणच बाहेर पडलं.

"दारात थांबू नका, आत मोकळं हाय, सरकून घ्या आत!"

आणि सगळे सरकले. नवऱ्यामुलाचा बाप, फेटा बांधलेला चांगला जाणता माणूस, गुडघे जवळ घेऊन खाटेच्या टोकाला गेला. नवरामुलगा उभाच होता, त्यानं वरती हात नेला. धरायला दांडी शोधत होता म्हणे.

पोहे मात्र सगळ्यांनी खाल्ले. मग बाप उठला आणि म्हणाला, "चला, आम्ही हितंच उतरतो."

रात्री जेवताना हौसा माझ्याकडं येऊन रडली. "मावशी, तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय हिनं. आता हिला कोण करून घेणार?"

मागं शोभा भिंतीला टेकून उभी होती. मान खाली, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत. बारीक आवाजात म्हणाली, "एसटी घेती का बघू की."

* * *

महेशच्या घरात सगळं ठरलेलं होतं. आज्यानं गुळाची अडत घातली, बापानं वाढवली, महेशनं गादीवर बसायचं. त्याच्या बापाला सगळे अण्णा म्हणायचे. कपाळाला विभूती, पांढरी टोपी, आणि घर असं सोवळं की दारावरनं अंडीवाला गेला तर महेशची आई खिडकी लावून घ्यायची.

महेशला मात्र हॉटेलचा कोर्स करायचा होता. अण्णा म्हणाले, "गादी सोडून लोकांची खरकटी काढायला चाललास? शाहूपुरीत टोपी घालून फिरू का नको मी?"

त्या कोर्सात सगळं रांधायला शिकवतात, मटणसुद्धा. महेशनं मटण लांबनंही बघितलेलं नाही. पहिल्याच दिवशी फजिती नको, म्हणून दिलीपच्या आईनं त्याला रविवारी गडमुडशिंगीला बोलावून घेतलं. तांबडा रस्सा शिकवायला. पोरगं बाह्या दुमडून, नाकाला रुमाल बांधून चुलीपाशी बसलं.

नेमकी त्याच दिवशी दारात जीप थांबली. दिलीपच्या बापाचं गुऱ्हाळ सुरू होतं आणि अण्णा गूळ बघायला आले होते. पाणी मागायला म्हणून सरळ सैपाकघराच्या दारात आले, तर पुढ्यात आपलाच पोरगा, हातात पळी, आणि पातेल्यावर लालभडक तवंग.

दिलीप सांगतो, चुलीतलं लाकूड तेवढं तडतडत होतं, बाकी सगळं गार. दिलीपचा बाप तुळईकडं बघायला लागला. महेशनं रुमाल काढला आणि उगीच परत बांधला.

अण्णा दोन पावलं पुढं आले. पातेल्यावर वाकले. एक लांब श्वास घेतला.

"खोबरं जास्त भाजलंय," म्हणाले.

मग दिलीपची आई अगदी हळू म्हणाली, "अण्णा, तुमास्नी कसं वो कळलं?"

अण्णांच्या कपाळावरच्या विभूतीला घाम फुटला. ते आले तसे मागं फिरले आणि पाणी न पिताच जीपमध्ये जाऊन बसले. गूळही बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी महेशला कोर्सची परवानगी मिळाली. अट एकच, आईसमोर यातलं काही बोलायचं नाही. महेश कट्ट्यावर येऊन मला विचारत होता, "आज्जी, यातलं म्हंजे कशातलं? माझ्यातलं का त्यांच्यातलं?"

* * *

आता आमच्या घरातलं.

पहिल्या वर्षाला वर्गात कुणीतरी प्रकाशला विचारलं, तुझे वडील काय करतात. तो म्हणाला, "आमची डेअरी हाय." तसं बघितलं तर खोटं नव्हतं. दूध होतं, गिऱ्हाईक होतं. पण ऐकणाऱ्याला वाटलं मशीन असेल, टाक्या असतील, गाड्या असतील. ह्यानं नाही म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी ह्याच्या डेअरीत कामगार आले. तिसऱ्या वर्षी दूध थंड करायचा प्लांट बसला. आमच्या गोठ्यात होत्या तीन म्हशी, पत्रा, मी, माझा मुलगा बबन, म्हणजे प्रकाशचा बाप, आणि स्वतः प्रकाश. त्याची आई तो लहान असतानाच गेली.

मला हे दिलीपनं सांगितलं. राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. शाळा शीक आणि शेणातनं सूट, हे मीच त्याला दूध पाजताना सांगत आले होते. तो सुटायलाच निघाला होता.

एक दिवस त्यांचे सर वर्गात म्हणाले, "शेवटच्या वर्षाला एखादा उद्योग बघायला जाऊ. प्रकाशच्या डेअरीलाच जाऊ."

प्रकाश म्हणाला, "सर, मशीन बंद हाईत सध्या."

सरांनी मग तो विषय सोडला. पण त्याच आठवड्यात ते संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर उगवले, कुणीतरी त्यांना ताजं दूध प्यायला सांगितलं होतं. मी त्यांना ओळखत नव्हते. पण चंद्रीपलीकडं धारेला बसलेला प्रकाश त्यांचा आवाज ऐकून तसाच खाली दबला. इकडनं नुसते त्याचे पाय दिसत होते. ते बघून मी समजले.

सरांनी ग्लास संपवला, मिशी पुसली आणि मला विचारलं, "आज्जी, या भागात एका मुलाची मोठी डेअरी आहे म्हणे. प्रकाश नाव. कुठं आली?"

धारेचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "न्हाय बा. हितं आमी नुसती म्हशीवाली माणसं."

सर गेले. कोपऱ्यावर वळले, दिसेनासे झाले, तरी प्रकाश म्हशीमागनं उठेना. तिथनंच म्हणाला, "आज्जे, बादली दे."

मी म्हटलं, "बादली तुझ्याच हातात हाय, बाळा."

* * *

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांचा पट्टा बांधायचा, आणि मालकानं मोटारसायकलीचा सायलेन्सर काढून पुढं पळायचं. कान फुटायची वेळ येते. त्या सगळ्या दणक्यात म्हैस आपल्या मालकाची गाडी बरोबर ओळखते आणि तिच्यामागं पळते.

चंद्रीला प्रकाशनंच लहानपणापासून शिकवलेली. ती एवढीशी रेडी होती तेव्हापासून तो गाडीच्या मागच्या सीटवर पेंड ठेवायचा आणि तीनदा जोरात रेस करायचा. ती तीनदाची रेस म्हणजे त्यांची खूण. बबननं तीच गाडी चालू केली तर चंद्री कानही हलवायची नाही. प्रकाशची रेस ऐकली की दावं तोडायची.

त्या वर्षी प्रकाश म्हणाला, "मी न्हाय पळवणार."

बबन म्हणाला, "मग चंद्रीला काय मी कडेवर घेऊन मिरवू?"

शेवटी तयार झाला, पण कुठनं तरी काळ्या काचेचं हेल्मेट आणलं. आता त्या काळात कोल्हापुरात हेल्मेट घालतंय कोण? मिरवणुकीत फेटे, टोप्या, मोकळी डोकी, आणि मध्येच हा चंद्रावर निघालेला माणूस. म्हशींपेक्षा लोक त्यालाच बघायला लागले.

चंद्री मात्र अशी पळाली की रस्ता दुभंगला. टाळ्या पडल्या. आणि माईकवर आमच्याच गल्लीचा पोरगा होता. तो ओरडला, "हेल्मेट घालून कोण हाय म्हणून विचारतायसा व्हय? आपल्या गल्लीचा प्रकाश, बी.कॉम. लास्ट इयर! टाळ्या हूं द्यात!"

हेल्मेटच्या आतलं काही दिसत नव्हतं, पण मान लाल झालेली मी बघितली.

घरी आल्यावर दिलीपनं त्याला विचारलं, "कुणापासनं लपत होतास रं?"

"कॉलेजच्या पोरांपासनं."

"ती कवाच गेल्यात गावाला. दिवाळीची सुट्टी हाय."

त्यानंतर त्यानं गाडीला हात लावायचं सोडलं. कॉलेजला बसनं जायचा. आणि बबननं सायलेन्सर परत बसवलाच नाही. म्हणाला, फुडल्या पाडव्याला काढायचाच हाय की.

* * *

मग बातमी आली, एका मोठ्या कंपनीचे साहेब कॉलेजातच मुलाखती घ्यायला येणार. शर्ट पांढरा पाहिजे आणि टाय पाहिजे.

महेशकडं हॉटेलच्या कोर्ससाठी घेतलेला लाल टाय होता. दुकानदारानं गाठ मारून दिलेली, ती सुटलेली. आदल्या संध्याकाळी कट्ट्यावर सगळ्यांनी ती मारून बघितली. दिलीपनं मारली तर फेट्यासारखी झाली, शोभानं मारली तर वेणीसारखी.

मी म्हटलं, "आणा हिकडं."

प्रकाश वाकला. मी आपली दाव्याला मारतात ती गाठ मारली आणि टोक ओढलं. पोरगं लालबुंद झालं, डोळे बाहेर आले. दिलीप ओरडला, "आज्जी, सोड, मरंल त्यो!"

गाठ सुटली तसा प्रकाश खोकत म्हणाला, "आज्जे, मी म्हैस न्हाय गं."

सगळे हसले. तोही हसला, कितीतरी दिवसांनी. मग टाय बोटाला गुंडाळत म्हणाला, "सायबांनी विचारलं, बाप काय करतो, तर? सगळा वर्ग तिथंच असणार. ही नोकरी गेली तर माझ्या हातात काय ऱ्हातंय?"

दिलीप म्हणाला, "डेअरीच म्हण. थंड करायचा प्लांट तेवढा बंद कर."

* * *

दुसऱ्या दिवशी मी रोजच्यासारख्या म्हशी धुवायला नदीवर नेल्या. महेश स्कूटर घेऊन प्रकाशला न्यायला येणार होता, पण स्कूटर पंक्चर झाली. बस निघून गेली. शेवटी प्रकाशनं बापाची गाडी काढली.

मी घाटावरनंच आवाज ऐकला. वळणावर उसाचे ट्रॅक्टर अडकले होते. प्रकाश त्यांच्यामागं थांबला. लाल टाय वाऱ्यावर उडत होता. वाट मोकळी झाली आणि सवयीनं त्याचा हात फिरला. एकदा, दोनदा, तीनदा.

चंद्री मानेपर्यंत पाण्यात होती. कान उभे झाले. मी म्हटलं, "चंद्रे, न्हाय. आज न्हाय गं." ती ऐकतेय होय. चिखलानं माखलेली ती घाट चढून रस्त्याला लागली सुद्धा. गाडीच्या दणक्यात प्रकाशला मागचं काही कळायचं कारणच नव्हतं. मी बाकीच्या दोघी शेजारणीच्या स्वाधीन केल्या, ओला काष्टा सावरला आणि रिक्षा थांबवली.

"पावणं, त्या म्हशीच्या मागनं घ्या."

रिक्षावाल्यानं काहीही विचारलं नाही. कोल्हापूर आहे हे.

कॉलेजच्या फाटकात पांढऱ्या शर्टांची आणि टायांची रांगच लागलेली. प्रकाशनं गाडी बंद केली. आणि त्या शांततेत त्याला आपल्या मागं कुणाचा तरी श्वास ऐकू आला. तो वळायच्या आत चंद्रीनं ओलं नाक त्याच्या पाठीला पुसलं.

आधी एक पोरगं हसलं, मग सगळी. पायऱ्यांवर प्राचार्य आले, त्यांच्या मागं कंपनीचे साहेब.

"ही म्हैस कुणाची?" प्राचार्यांनी विचारलं.

प्रकाश आपल्या बुटांकडं बघत म्हणाला, "माहीत न्हाय, सर."

मी त्याच वेळी रिक्षातनं उतरत होते. ऐकलं मी. प्राचार्यांनी माझं ओलं लुगडं बघितलं. "आज्जी, तुमची आहे का?"

प्रकाशनं माझ्याकडं बघितलं. कसं बघितलं ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "न्हाय बा. मी आपली धुणं धुवायला चाल्ले."

कॉलेजात कुठली नदी? पण कुणी विचारलं नाही.

प्राचार्य रखवालदाराला म्हणाले, "कोंडवाड्याला फोन करा." मोकाट जनावरं नेऊन कोंडतात तो कोंडवाडा. पोरं वर मुलाखतीला गेली. प्रकाशही गेला. मी फाटकापाशी खाली बसले. चंद्रीला न्यायची म्हटलं तरी ती हलणार नव्हती, तिची गाडी तिथं उभी होती. आणि नेणार कुठल्या तोंडानं? आत्ताच नाही म्हणाले होते.

कोंडवाड्याची माणसं आली. चौघांनी शिंगांना दोर टाकला आणि ओढायला लागली. चंद्रीनं चारी पाय रोवले आणि रेकली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती.

वर काय झालं ते मला प्रकाशनं मागनं सांगितलं. साहेबांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"डेअरी हाय, सर."

"अरे वा. किती माणसं आहेत कामाला?"

खालनं चंद्रीचं रेकणं ऐकू आलं. प्रकाशनं खिडकीकडं बघितलं. परत ऐकू आलं. साहेब म्हणाले, "सांगा की."

"आलो, सर," म्हणून तो उठला.

जिन्यावरनं धडधडत खाली आला आणि त्यानं दोराला हात घातला. कोंडवाड्याचा माणूस म्हणाला, "ओ पावणं, बाजूला व्हा. तुमची हाय का?"

प्रकाशचे कान लाल झाले होते. त्यानं मान वर केली. खिडकीत साहेब, प्राचार्य, सर आणि सगळा वर्ग डोकावत होता.

"सर," तो ओरडला, "माणसं चार हाईत. बाबा, मी, ही आमची आज्जी." मग त्यानं चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला. "आन चौथी ही. मशीन एकबी न्हाय."

कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. मी पदर तोंडावर घेतला.

साहेब वरनं म्हणाले, "बरं. मग मुलाखत द्यायची आहे का नाही?"

प्रकाशनं चंद्रीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. कोंडवाड्याचा माणूस शिंगांचा दोर सोडून गुंडाळत होता. म्हणाला, "म्हैस तुमची, पर दोर सरकारी हाय." मग म्हशीला बांधायचं कशानं?

प्रकाशनं गळ्यातला टाय काढला. चंद्रीच्या शिंगाला बांधला, मी आदल्या दिवशी मारली होती तीच गाठ मारून. दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"आज्जे, धर. आलोच मी."

आणि जिना चढून वर गेला. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर चंद्रीच्या नाकाचा ठसा तसाच होता.

मी फाटकात उभी, हातात लाल टाय, टायाला म्हैस. येणारी-जाणारी पोरं बघत होती. रखवालदार जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आज्जी, मघाशी तुमी न्हाय म्हणालासा. आता सायबांनी विचारलं तर म्हैस कुणाची म्हणायची?"

मी तोंडावरचा पदर काढला.

"आमची की," म्हटलं. "आन वर गेला त्योबी आमचाच."